दाढ मीच होते

माझे नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता हवालदारांनी कागदाच्या डोक्यावर लिहिला आहे, तो मी तपासला आहे. वय सहासष्ट. शिक्षण बी.ए., विषय तर्कशास्त्र. धंदा, मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, आता निवृत्त. राहणार त्याच वसतिगृहाच्या आवारातल्या मागच्या दोन खोल्यांत. वसतिगृह बंद झाले आहे. किल्ल्या माझ्याकडे आहेत.

मी आज ठाण्यात आपल्या पायांनी आले, मला कोणी बोलावले नव्हते. मी शुद्धीवर आहे आणि कोणाच्या धाकाखाली नाही. ती सवय मला नाही. हवालदारांनी लिहायला घेतलेल्या पहिल्याच ओळीत 'मी भयभीत होऊन' असे शब्द आले होते. मी ते उच्चारले नव्हते. ते खोडून, ठाणे अंमलदारांच्या परवानगीने, पुढचा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सांगायचे ते असे, की आज दुपारी फोटो स्टुडिओवाल्या गृहस्थांच्या अंगावर पकड उगारून धावून गेलेली दाढ मी होते. माझा भाचा नव्हता. तो कोठडीत बसला आहे. त्याला सोडावे.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. रांगत होता तेव्हापासून माझ्याकडेच वाढला. पोटासाठी लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ काढतो आणि उरलेल्या वेळात भीतीचे सिनेमे करतो. या सिनेमांत कोणीतरी सोंग घालून एकामागून एक माणसे मारत सुटतो, आणि माणसे एकेकटी अंधाऱ्या खोलीत काय आहे ते बघायला जातात. आधी एक बुजगावणे झाले, मग एक पोस्टमन. या वेळी दाढ आहे. सिनेमाचे नाव 'मुळासकट'. एक दंतवैद्य किडलेली सोडून शेजारची धडधाकट दाढ उपटतो आणि ती दाढ परत येऊन सूड घेते, असे कथानक आहे.

मी त्याला विचारले होते, "अरे, दाढ कसला सूड घेणार?"

तो म्हणाला, "आत्या, काही दुखत-खुपत नसताना तुला उपटून बाजूला ठेवलं, तर तू गप्प बसशील?"

वसतिगृह बंद होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी त्याला सगळे आवार वापरायची परवानगी दिली.

दाढेचे सोंग आमच्या चौकातल्या दंतवैद्यांचे. त्यांनी ते दवाखान्याबाहेर जाहिरातीसाठी उभे करायला शिवून घेतले होते. मुले ते पाहून रडत आणि दवाखान्यात शिरतच नसत, म्हणून त्यांनी ते माळ्यावर टाकले आणि मागितल्याबरोबर देऊन टाकले. आत जाड फोम, वर पांढरे रेक्झिन, हात बाहेर काढायला भोके, डोळ्यांपुढे जाळी, खाली दोन मुळे, त्यांत पाय घालायचे. चेन पाठीला आहे, त्यामुळे आपली आपल्याला काढता येत नाही. हत्यार म्हणजे लाकडाची, चांदीचा रंग दिलेली, हातभर लांब पकड. ती ठाण्यात जमा आहे. तिने कोणाचा दात तर सोडाच, खिळाही निघणार नाही.

सोंग एकच आणि माणसे थोडी, म्हणून जो मोकळा असेल तो दाढ होतो. त्यासाठी नियम आहेत. सोंग चढले की त्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. सोंगाने बोलायचे नाही. भाचा 'कट' म्हणेपर्यंत कोणी थांबायचे नाही, छप्पर खाली आले तरी. नियम मला पटले. मीच ते ठळक अक्षरांत लिहून जेवणघराच्या भिंतीवर लावले.

मरणारी माणसे ओळखीपाळखीतली, फुकटची. ज्याला सवड असेल तो येऊन मरून जातो. त्याला एवढेच सांगितलेले असते, की मागच्या दाराने ये, 'कुणी आहे का?' अशी हाक मार आणि पुढे सुचेल तसे कर. दाढ कुठे दबा धरून आहे हे त्याला सांगत नाहीत, म्हणजे दचकणे खरे येते. आज कोण मरायला येणार हे दाढेलाही नीट माहीत नसते. रक्त साखरेच्या पाकात लाल रंग घालून करतात. त्याला मुंग्या लागतात आणि प्रेते स्वस्थ पडून राहत नाहीत, म्हणून मी त्यांना पाकात थोडे कडुनिंबाचे पाणी घालायला शिकवले. तेव्हापासून प्रेते शांत आहेत.

आवाज टिपण्याचे काम एक मुलगी करते. कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसते. एक छोटा माईक दाढेच्या जाळीला बाहेरून टाचलेला असतो, त्याचा आवाज कॅमेऱ्यातही उतरतो. तिने आणि भाच्याने लग्न करायचे ठरवले आहे, किंवा आज दुपारपर्यंत ठरवले होते. ती मला गेल्या महिन्यापासून बाईच्या ऐवजी आत्या म्हणू लागली होती. तिच्या घरी तिने सांगितले होते, की मुलगा दातांची निगा या विषयावर माहितीपट करतो आहे. मी तेव्हाच तिला म्हटले होते, "अगं, खोट्याला पाय नसतात."

ती म्हणाली, "आत्या, आपल्या दाढेला आहेत की."

तक्रारदार हे तिचे वडील. मी त्यांना आजपर्यंत पाहिले नव्हते. भाच्याने फक्त त्यांचा एक जुना, बिनचष्म्याचा फोटो पाहिला होता.

आज दुपारी नेहमीचा खुनी, म्हणजे वाहनांची सीट कव्हरे शिवणारे गृहस्थ, आले ते डावा गाल फुगवून. दाढ दुखत होती. सोंग गालाखाली उतरेना. त्यांना त्याच दंतवैद्यांकडे धाडले. मरायला जिन्याचे कठडे करणारे एक सुतार यायचे होते, त्यांनाही मी कधी पाहिले नव्हते. कॅमेऱ्यामागे भाचा, आवाजाला मुलगी. राहिले कोण?

मी म्हटले, "आण इकडे."

"आत्या, जमेल तुला?"

"तुला चालायला कोणी शिकवलं?"

त्याने मुकाट्याने चेन लावली. दर्शनी दाराला मी सकाळीच पाटी अडकवली होती: 'हे दार बंद आहे. मागच्या दाराने यावे.' पाटी माझी, अक्षर माझे, सूचना माझी. ही गोष्ट तक्रारदारांच्या बाजूने आहे, म्हणून लिहून ठेवते.

मी जेवणघरात पाण्याच्या पिंपामागे उभी राहिले. चारच्या सुमारास मागच्या दारातून एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी हाक मारली, "कुणी आहे का?"

आता परक्या घरात शिरणारा माणूस दुसरे काय म्हणणार, हे मला इथे बाकावर बसल्यावर सुचले. तेव्हा मला एवढेच वाटले, की सुतार वेळ पाळणारा आहे आणि प्रसंगाला लागणारी प्रॉपर्टीही घरून घेऊन आला आहे.

मी पिंपामागून बाहेर आले.

ते म्हणाले, "अहो, हे काय?" सुरुवात मला बेताची वाटली. मी पकड उगारली. ते म्हणाले, "मी मुलाच्या आत्याबाईंना भेटायला आलोय!" मला वाटले, माणूस घरून पाठ करून आला आहे, पण कथानकात आत्या कुठे आहे? मग मी दुसऱ्या हातातला रक्ताचा फुगा दाबला. पाक त्यांच्या शर्टावर उडाला आणि ते ओरडले. अशी आरोळी मी इतक्या वर्षांत या इमारतीत ऐकली नव्हती, आणि इथे मुलींच्या खोलीत एकदा घोरपड निघाली होती.

ते पळाले. फळे घरंगळली. मी एक संत्रे चुकवले, एकावर मूळ पडले. त्यांनी पातेल्याचे झाकण फेकले, ते मला उजव्या मुळावर लागले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. उलट मनात म्हटले, आता कुठे रंग भरतो आहे.

यापुढचे कौशल्य माझे आहे आणि ते भाच्याच्या नावावर लिहिले जाऊ नये. पळणाऱ्याच्या मागे धावायचे नसते. तो कुठे जाणार हे ओळखून तिथे आधी जाऊन उभे राहायचे असते. या इमारतीतून पळणारा कोठीघराकडे वळतो, कारण तिकडे उजेड दिसतो. कोठीला पलीकडे दार नाही. तिथे मी होते. मग तो कपडे वाळत घालायच्या अंगणात जातो. तिथेही मी होते. तक्रारदारांनी 'दाढा एकाहून अधिक असाव्यात' असे लिहून दिले आहे. दाढ एकच होती.

अंगणात त्यांचा चष्मा पडला. भाचा कॅमेरा घेऊन दोरीवरच्या चादरींमधून बरोबर येत होता. 'कट' ऐकू आले नाही, म्हणून मी थांबले नाही. यावर इथे मला जास्त लिहायचे नाही.

अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीची एक वीट निघालेली आहे. मी ती कितीदा बसवून घेतली आणि ती कितीदा निघाली. रात्री उशिरा परतणाऱ्या मुली तिच्यावर पाय ठेवून चढत असत. तक्रारदारांना ती कोणी दाखवलेली नव्हती, तरी त्यांचा पाय नेमका तिच्यावरच पडला. वर चढून त्यांची विजार अडकली. ते भिंतीवर तसेच राहिले आणि मी खाली उभी राहिले. इथे माझ्याकडून नियमभंग झाला. मी म्हटले, "खाली या. नाव सांगा. खोली नंबर?"

हे संहितेत नव्हते. ते जागेमुळे तोंडातून गेले. तक्रारदार काहीतरी म्हणाले, फोममुळे मला ऐकू आले नाही, आणि ते पलीकडे पडले. त्यांचा घोटा मुरगळला याचे मला वाईट वाटते. ते सरळ इथे ठाण्यात आले आणि दाढ मागे लागली आहे असे त्यांनी सांगितले. हवालदार तेव्हा काय म्हणाले ते मी ऐकीव माहितीवर लिहिणार नाही.

आतून मुलगी हेडफोन गळ्यात अडकवून पळत आली. म्हणाली, "कोण होता हो तो? काय ओरडला! त्याला दुसऱ्यांदा मारता येईल का?" मग तिला दोरीखाली चष्मा दिसला. तिने तो उचलला, पदराने... चूक, ओढणीने पुसला, आणि काड्या मिटून मुठीत धरला. वडील घरात कधी आवाज चढवत नाहीत, असे तिने मला पूर्वी सांगितले होते.

मी खोलीत गेले, पण चेन अडकली होती. गडबडीत भाच्याला हाक मारली आणि खिडकीतून पाहिले, तर बाहेर जीप आलेली. दारातल्या दारात त्याने सांगून टाकले, "दाढ मी होतो." लगेच मुलगी म्हणाली, "नाही, मी होते." तेवढ्यात सुतार आले. उशीर झाल्याने ते आधीच घाबरलेले. त्यातून पोलीस पाहून त्यांना वाटले, प्रसंग सुरू झाला आहे. ते 'कुणी आहे का?' म्हणाले, छाती धरली आणि पायरीवर कोसळून मेले. हवालदारांनी त्यांच्या तोंडावर पाणी मारले, नाडी पाहिली, रुग्णवाहिका बोलावा म्हणून आरडाओरडा केला. सुतार हलेनात. नियम म्हणजे नियम. शेवटी जीपमधून भाच्याला 'कट' म्हणून ओरडावे लागले, तेव्हा ते उठून म्हणाले, "बरं झालं का?"

म्हणजे भाच्याला आज 'कट' म्हणता येत होते. हे माझ्या तेव्हाच लक्षात आले. मी कात्रीने पोटाकडून फोम कापून बाहेर पडेपर्यंत जीप गेली होती.

आता तर्क. एक, दाढेचा पाठलाग चित्रित झाला आहे. दोन, ज्याने तो चित्रित केला तो कॅमेऱ्यामागे होता. तीन, जो कॅमेऱ्यामागे होता तो कॅमेऱ्यापुढे नव्हता. यासाठी बी.ए. व्हावे लागत नाही. शिवाय तक्रारीत 'दाढेने मला खोली नंबर विचारला' असे वाक्य आहे आणि समासात ठाणे अंमलदारांनी प्रश्नचिन्ह काढले आहे. ते पुसावे. असा प्रश्न माझ्या भाच्याला सुचणार नाही. त्याने आयुष्यात कोणाला खोली नंबर विचारलेला नाही.

इथवर लिहून झाल्यावर ठाणे अंमलदारांनी जप्त केलेला कॅमेरा संगणकाला जोडायला सांगितला. जबाब तेवढा वेळ थांबला. पुढचे मी पाहून लिहीत आहे.

बघायला सगळेच जमले. भाचा गजांआडून बघत होता. तक्रारदार बाकावर, पाय खुर्चीवर ठेवून. मुलगी त्यांच्या शेजारी, भाच्याकडे पाठ करून. मघाशी मी आल्यावर ती मला, "बसा, बाई," म्हणाली होती. बाई. मी बसले.

दाढ पिंपामागून आली तेव्हा हवालदारांच्या हातातला चहा सांडला. तो मजकुराशी संबंधित नाही, पण खरा आहे. अंगणातला भाग आला. ऊन भिंतीवरून तिरके येत होते, चादरी उजळल्या होत्या आणि त्यांच्यामागे दाढेची सावली आधी, दाढ नंतर. चष्मा पडला. चित्र क्षणभर थरथरले आणि पुन्हा स्थिर झाले.

तक्रारदारांनी तिथेच थांबवायला सांगितले. मग कोठडीकडे न बघता विचारले, "मला ओळखलंस?"

भाचा म्हणाला, "हो."

"कधी?"

"इथेच. चष्मा पडला तेव्हा."

"मग थांबवलं का नाहीस?"

मी त्याच्या वतीने बोलू शकले असते. बोलले नाही. तो म्हणाला, "उजेड चांगला होता."

मुलगी उठून खिडकीशी गेली. मला वाटले, इथे सगळे संपले. मी या मुलाला खोटे बोलायला शिकवले नाही, आणि त्याचा त्याला आजवर कधी उपयोग झालेला नाही.

तक्रारदार म्हणाले, "पुन्हा लावा."

त्यांनी ते पुन्हा पाहिले. मग आणखी एकदा, पडद्याला नाक लावून, कारण चष्मा मुलीकडे होता. त्यांचा स्टुडिओ आहे हे वर लिहिले आहे. ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, हलू नका, हसू नका, हनुवटी खाली. मला कोणी असं काढलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मी पळताना बरा दिसतो." आणि मग ठाणे अंमलदारांना, "साहेब, धावता धावता काढलंय, पण एकदाही फोकस सुटलेला नाही. भिंतीवरचा तो उजेड मिनिटभर राहतो. मीही नसतं थांबवलं. मुलाला सोडा."

मुलगी खिडकीशी उभ्याउभ्याच म्हणाली, "तुम्ही सोडा, बाबा. मी अजून सोडलेलं नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "आणि साहेब, बाईंवरची तक्रार मात्र राहू द्या."

माझी हरकत नाही, असे मी सांगितले. गुन्हा माझा आहे तो माझ्या नावावर असावा. सिनेमाच्या शेवटी नावे येतात, तिथेही असावा. सीट कव्हरवाल्यांचे नाव खुनी म्हणून आधीच टाकले आहे, ते या प्रसंगापुरते बदलावे, असे भाच्याला ठाणे अंमलदारांसमक्ष सांगितले आहे. त्याने मान डोलावली.

चित्रफीत तशीच चालू राहिली होती. भिंतीचा भाग आला. दाढेवरच्या माईकमुळे माझा प्रश्न सगळ्या ठाण्याने ऐकला: "नाव सांगा. खोली नंबर?" आणि जे मला फोममुळे ऐकू आले नव्हते ते उत्तर आता स्वच्छ ऐकू आले. भिंतीवर अडकलेले तक्रारदार, रक्ताने माखलेले, डोळे मिटून, शाळकरी आवाजात म्हणाले, "बारा, मॅडम. परत नाही करणार."

हवालदार खाली बघू लागले. तक्रारदारांनी खुलासा केला, की ते विद्यार्थी असताना वसतिगृहात राहत होते. कोणत्या ते मी विचारले नाही. त्यांचा पाय नेमका विटेवर कसा पडला, हे कोडे मला उलगडले.

मुलगी पहिल्यांदा हसली. खिडकीला पाठ लावून, तोंडावर हात धरून, बराच वेळ. मग तिने वडिलांच्या नाकावर चष्मा ठेवला, कोठडीजवळून जाताना न थांबता भाच्याला म्हणाली, "आवाज मी परत एकदा ऐकणार आहे, तोवर काही कापू नकोस," आणि मला म्हणाली, "आत्या, सही झाली की निघू. तुमच्या केसांना फोम चिकटलाय." तिने कोणता शब्द वापरला तो मी जसाच्या तसा लिहिला आहे. त्याचा अर्थ काढणे माझ्याकडे नाही.

जबाब मी स्वतः लिहिला असला तरी नियमाप्रमाणे हवालदारांनी तो मोठ्याने वाचला, दोन ठिकाणी अडखळले, ती माझ्या अक्षराची नव्हे तर त्यांच्या हसण्याची चूक होती. मजकूर मी लिहिला तसाच आहे. तक्रारदारांनी खोली नंबर आणि त्यापुढचे चार शब्द वगळावेत अशी समक्ष विनंती केली. ती मी मान्य केलेली नाही.

समक्ष,
सही
(दाढ)